गोड्या विहिरीतला वास

माझ्या कामाला घरात नीट नाव नाही. कार्डावर 'भूगर्भतज्ज्ञ' छापलंय, पण माझी आई शेजारणींना सांगते, "आमची दामिनी जमिनीले भोकं पाडते आन् त्याचा पगार घेते." चूक नाही तिची. अमरावतीच्या एका तपासणी कंपनीत मी नऊ वर्षं तेच करतेय. भोक पाडायचं, माती काढायची, पाणी काढायचं, बाटलीत भरायचं आणि त्यात काय मुरलंय ते शोधायचं. स्वभाव आधीच चौकस, त्यात जिभेला हाड नाही. म्हणून आमचे साहेब मला शक्यतो माणसांशी बोलायला पाठवत नाहीत.

मे महिन्यात अकोला जिल्ह्यातलं काम निघालं. तेल्हारा रोडवर एका फाट्यावर बंद पडलेला पेट्रोल पंप. पंप वामनरावांचा. बावीस वर्षं चालला, दहा वर्षांपूर्वी ते वारले आणि बंद झाला. जमिनीतल्या दोन्ही टाक्या तेव्हाच उकरून नेल्या होत्या. मागे उरलं गंजलेलं छत, यंत्रांचे दोन चौथरे, वामनरावांच्या बायको कौशल्याबाई, त्यांचं दोन खोल्यांचं घर, एक कडुलिंब आणि एक विहीर. सगळा घोळ त्या विहिरीचा होता.

हा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरींचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. अशा मुलखात ही एक विहीर गोडी निघाली होती. खाली जुन्या नाल्याची वाळू असावी, असा माझा अंदाज. कौशल्याबाई आणि वामनरावांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती स्वतः खणली, आणि तेव्हापासून गावातलं कोणीही हंडा घेऊन येई. अंगणाला त्यांनी कधी फाटक लावलं नाही.

आता गावाची नळयोजना याच विहिरीवर होणार होती. पाणी तपासायला पाठवलं, तर त्यात बेंझिन निघालं. बेंझिन म्हणजे पेट्रोलमधला सगळ्यात वाईट भाग, वर्षानुवर्षं पोटात गेला तर रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. ते कुठून येतंय, किती आहे, थांबेल का, हे आम्ही सांगायचं होतं. त्यावर ठरणार होतं की विहीर नळाला जोडायची की बंद करायची.

"तूच काय वं थे भोकं पाडणारी?" पहिल्या दिवशी कौशल्याबाईंनी विचारलं. वय सत्तरीला टेकलेलं, पण आवाज खणखणीत.

"हो काकू."

"पाडजो बरं. पण पह्यले पाणी पे."

पितळी तांब्या पुढे आला आणि माझी पंचाईत झाली. वऱ्हाडात दारात दिलेलं पाणी नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "नको काकू, बाटली आहे माझ्याजवळ."

"बाटलीतलं पेतं? माह्या विहिरीचं नाई चालत तुले?"

"पाण्यात खोट आहे म्हणून तर आलो आम्ही. तुम्हीसुद्धा पिऊ नका. पंचायतीनं नोटीस लावली ना?"

"लावली ना. थे मी घडी करून बाजंच्या पायाखाली ठेवली. बाज हालून राह्यली होती."

माझं डोकंच फिरलं. तिकडे दोन बाया बिनधास्त हंडे भरत होत्या. मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात नितेशभाऊ मध्ये पडला. नितेशभाऊ अचलपूरचा, आमचं गिरमिटाचं यंत्र तो चालवतो. गिरमिट म्हणजे सुताराचंच, फक्त ट्रॅक्टरच्या मागे बसवलेलं आणि तीस फूट खाली जाणारं. तो म्हणाला, "काकू, मॅडमले चहा चालते. चहा उकळेल असते ना."

खरं होतं ते. बेंझिन उडून जाणारी चीज आहे, खळखळ उकळलं की बरंचसं वाफेबरोबर निघून जातं. मी मान हलवली. कौशल्याबाईंचा चेहरा थोडा सैल झाला.

बाजेवर बसून आम्ही चहा घेतला. काय चहा होता, बाप्पा! मी कपाला तोंड लावणार, तर पाहिलं, कौशल्याबाईंनी बशी वाकडी केली, घोटभर चहा जमिनीवर सोडला आणि पुटपुटल्या, "घे माय." मग स्वतः प्यायल्या.

मला 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नाही. "काकू, हे काय केलं?"

"काय म्हंजे? पह्यलं तिचं, मंग आपलं. इतकं देते थे आपल्याले."

"आमच्या घरी बी हाये मॅडम," नितेशभाऊ म्हणाला. "म्हशीची पह्यली धार जमिनीले. मंग बालटीत."

"नितेशभाऊ, तुम्ही पहिल्या धारेचं नाव काढलं की मला भलतीच शंका येते," मी म्हटलं. तो लाजला आणि कौशल्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तिथून आमचं जमलं.

चहा संपतो न संपतो तोच शेजारच्या शेताचे मालक उत्तमराव आले. माजी सरपंच. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी निकालच देऊन टाकला. "मॅडम, कायले इतकी मेहनत? टाकी फुटेल होती. वामनले मालूम होतं, त्यानं लपवलं. सारं गाव म्हणते."

कौशल्याबाई ताडकन उठल्या. "कोनतं गाव म्हणते, उत्तमभाऊ? माह्या मालकानं एक थेंब सांडू देल्ला नाई कधी. नळीतून चार थेंब गळले तरी पोरांवर वरडत थे. फुटकी टाकी लपवणारा मानूस होता काय थो?"

"मंग पेट्रोल काय आभायातून पडलं विहिरीत?"

कौशल्याबाई माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू शोध. काय असन थे मले खरं सांगजो. पण माही विहीर बंद नोको करू."

मी 'बघते' म्हटलं. आमच्या धंद्यात 'बघते' याच्यापुढे बोलायची सोय नसते.

पहिल्या दिवशी टाक्यांच्या जुन्या खड्ड्याभोवती तीन भोकं पाडली. पैज लावली असती तर मीही उत्तमरावांच्याच बाजूनं लावली असती. बंद पंप म्हटला की गळकी टाकी, दहातल्या नऊ वेळा तेच निघतं. पण माती निघाली ती स्वच्छ. माझ्याजवळ वास मोजायचं हातातलं यंत्र आहे, पेट्रोलची वाफ आली की आकडा चढतो आणि ते टिटवीसारखं ओरडतं. खड्ड्याच्या मातीवर धरलं तर आकडा जागचा हलला नाही. दहा फूट, वीस फूट, तीस फूट. काहीच नाही.

"यंत्र बिघडलं काय?" नितेशभाऊनं विचारलं. मी ते त्याच्या मोटारसायकलच्या टाकीजवळ नेलं. ते बोंबललं. यंत्र ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी भोकांतल्या पाण्याच्या पातळ्या मोजल्या. जमिनीखालचं पाणी स्थिर नसतं, हळूहळू सरकत असतं, आणि पातळ्यांवरून कुठून कुठे ते कळतं. कागदावर रेघ ओढली आणि मी तशीच बसून राहिले. पाणी लिंबाकडून विहिरीकडे आणि विहिरीकडून टाक्यांकडे जात होतं. म्हणजे टाकी फुटली असती, तरी पेट्रोल रस्त्यापलीकडे गेलं असतं. विहिरीत येणं शक्यच नव्हतं.

वामनराव सुटले. पण मग पेट्रोल आलं कुठून? विहिरीच्या वरच्या अंगाला होतं काय? घर, अंगण, लिंब आणि उत्तमरावांचं कपाशीचं शेत. रात्रभर अकोल्याच्या लॉजवर पंख्याकडे बघत मी त्याच विचारात. कोणी पिंप पुरलं? कोणी चोरून गाडी धुतली? अशा वेळी मला भूक लागत नाही आणि माझ्याशी कोणी बोललं तर मी खेकसते. नितेशभाऊला आता सवय झालीय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबाकडे नीट पाहिलं. दोन दिवस डोळ्यासमोर होता, पण बघितला नव्हता. अर्धा हिरवा, अर्धा वाळलेला. वाळलेली बाजू खोडापाशी ठेवलेल्या शेंदराच्या दगडाच्या वर. त्या दगडापुढे हातभर जागेत गवताची काडी नाही. लिंबाखाली मुंगळे नाहीत असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, तिथे एक नव्हता. आणि दगडाला लागूनच काळ्या मातीला भेग पडलेली, माझा हात मनगटापर्यंत जाईल एवढी.

काळ्या मातीचा हा गुण आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. पावसाळ्यात फुगून घट्ट बसते, थेंब खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तडकते. मी टेप भेगेत सोडला. एक फूट, दोन, तीन. साडेपाच फुटांवर तो टेकला. मग यंत्राची नळी आत सोडली.

यंत्र असं बोंबललं की विहिरीवरच्या बाया वळून बघायला लागल्या.

"अबाबा," नितेशभाऊ म्हणाला. "देवापाशी पेट्रोल?"

मी त्याला गप्प राहायची खूण केली. देवाच्या दगडापासून अंतर राखून आम्ही चौथं भोक पाडलं. आठ फुटांवर माती ओली आणि निळसर निघाली. तिला जुन्या पेट्रोलचा तो आंबट वास होता. इतका आनंद झाला मला! खोटं कशाला सांगू, कोडं सुटायला लागलं की मी हावरी होते, कोणाचं काय जाणार याचं भान राहत नाही.

चहा आला. कौशल्याबाई बाजेच्या कडेला टेकल्या, बशी वाकडी केली, "घे माय" म्हणाल्या. चहाची ती बारीकशी धार जमिनीवर पडताना मी बघत होते, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"काकू," मी विचारलं, "पंप चालू होता तेव्हा... पहिली धार?"

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी नेमकी त्यांची गोष्ट विचारली होती. "तर! तिचीच होती. सकाळी पंप खोलला का पह्यले एक गडू पेट्रोल. लिंबाखाली देवापाशी, जमिनीले. मंग गिऱ्हाईक."

"वामनराव टाकायचे?"

"थे कुठचे! थे म्हणत, कौसल्ये, पेट्रोल काय दूध हाये काय? एक थेंब वाया जाऊ नोको देऊ. मीच म्हटलं, तुमी शेत मोडून पंप टाकला, तिच्या पोटात टाक्या गाडल्या, तिचं पह्यलं नोको तिले? मंग थे काई नाई बोलले. मी आपल्या हातानं टाकत होती. बावीस वर्सं. एक दिवस नाई चुकली. सुतकात पंपावरच्या मानसाकून टाकून घेतलं."

त्या आत गेल्या आणि गडू घेऊन आल्या. पितळेचा, छोटा, आतून काळपटलेला. "पाह्य. अजून हाये."

मी तो हातात घेतला. दीडशे मिलिलिटरचा असेल. मनात हिशेब झाला, थांबवता आला नाही. रोज दीडशे, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, बावीस वर्षं. बाराशे लिटर. सहा पिंपं पेट्रोल. पावसाळ्यात वरच्या वर उडालं असेल, पण दर उन्हाळ्यात त्या भेगेतून सरळ खाली.

"काऊन वं, चहा नाई पेत?" त्यांनी विचारलं.

"पिते," मी म्हणाले. जिभेला हाड नसलेली मी, त्यावर एवढं एकच बोलले.

नमुने प्रयोगशाळेत गेले. दहा दिवस लागतात. त्या दहा दिवसांत मी अहवालाची तीच ओळ तीनदा लिहिली. पहिल्यांदा लिहिलं, 'स्रोत अज्ञात.' खोडलं. उत्तमराव तेवढ्या दोन शब्दांवर वामनरावांची टाकी पुन्हा फोडतील. मग लिहिलं, 'पृष्ठभागावरील सांडलवंड.' तेही खोडलं. कौशल्याबाईंनी मला 'खरं सांगजो' म्हटलं होतं, म्हणून तिसऱ्यांदा लिंबाखालचं खरं तेच लिहिलं. मला स्वतःचाच राग येत होता. असला शोध लागलाच नसता तर काय बिघडलं असतं?

निकाल आला. विहिरीत बेंझिन पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या सहापट. लिंबाखालच्या मातीत तर मोजायची सोय नाही. मी नितेशभाऊला घेऊन गेले. उत्तमराव आधीच बाजेवर बसलेले होते, त्यांना कुठून कळतं कोण जाणे.

"सापडलं काय?" कौशल्याबाईंनी विचारलं. "टाकी फुटेल होती काय?"

"नाही काकू. टाकी शाबूत होती. वामनरावांचा काहीच दोष नाही."

"पाह्य!" त्या उत्तमरावांकडे वळल्या. डोळ्यांत पाणी. "पाह्य, उत्तमभाऊ! मी म्हणत होती ना?" उत्तमराव खाली बघायला लागले. इतके दिवस त्या एका वाक्याची वाट बघत होत्या त्या, आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग कुठून आलं?"

मी लिंबाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेमागे नजर नेली, वाळलेल्या फांद्यांपाशी, दगडापाशी, भेगेपाशी. मग त्यांचा हात हळूच तोंडावर गेला.

"माय वं," त्या म्हणाल्या. "म्या पाजलं तिले."

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं. कोणालाच—"

"म्या पाजलं. थे नाई म्हणत होते, तरी म्या पाजलं. आन् लोकायले थेच पाणी देल्लं."

मला रडू आलं. लपवलं नाही मी. नितेशभाऊ यंत्राच्या पेटीशी उगाच खुडबुड करत राहिला.

त्या उठल्या. विहिरीवर एक बाई हंडा भरत होती. तिच्या हातून दोर घेतला, हंडा विहिरीत परत पालथा केला, चाकावरचा दोर सोडला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला. "उत्तमभाऊ," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "गावात सांगजा. वामनरावानं नाई सांडलं, कौसल्येनं सांडलं. अठीचं पाणी कोनी पेऊ नोका."

मग मला विचारलं, "मरन काय थे?"

"कोण?"

"विहीर."

"नाही काकू." हे मला खात्रीनं सांगता येत होतं, म्हणून जोरात सांगितलं. "लिंबाखालची माती काढून टाकायची. विहीर उपसत राहायची, दर तीन महिन्यांनी तपासायची. दोन पावसाळे लागतील, नाहीतर तीन. मग पुन्हा गोडी."

"आन् तेवढ्यात मीच गेली तं?"

"कुठे जाता? मी येणार आहे दर तीन महिन्यांनी. चहा कोण देईल मला?"

पुढच्या आठवड्यात माती काढायला यंत्र आलं. शेंदराच्या दगडाला हात लावायला कोणी तयार होईना, ड्रायव्हरसुद्धा. कौशल्याबाईंनी पदर खोचला, दगड स्वतः उचलला, घराच्या ओट्यावर ठेवला आणि यंत्रवाल्याला म्हणाल्या, "खोद बाप्पा." दुपारपर्यंत लिंबाच्या त्या बाजूला मोठा खड्डा झाला. त्या सगळा वेळ काठावर उभ्या होत्या. मी सावलीत बोलावलं तरी आल्या नाहीत.

चार वाजता चहा केला. पाणी उत्तमरावांच्या विहिरीचं, ते स्वतःच घागर घेऊन आले होते. मचूळ. चहा फाटला होता, वर दुधाच्या कण्या तरंगत होत्या. कौशल्याबाईंनी त्याच्याबद्दल माफी मागितली, मी म्हटलं, चालतो.

त्यांनी कप बशीत ओतला. सवयीनं बशी वाकडी झाली, अगदी कडेपर्यंत चहा आला, आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. पहिल्या दिवशी मी पाणी नाकारलं तेव्हा जे डोळे कडक झाले होते, ते आता परवानगी मागत होते.

"पोरी," त्यांनी विचारलं, "चहा चालते ना तिले?"